शॉर्ट-बेड पिकअपला फिफ्थ-व्हील: कॅबची मागची काच वाचेल का?

फ्रेमाँटकर

नमस्कार मंडळी. ट्रक फोर्ड एफ-२५०, क्रू कॅब, फोर बाय फोर, पेट्रोल इंजिन, बेड (मागचा हौदा) पावणेसात फुटी. बेडमध्ये कंपनीनेच बसवलेले चार पक (हिच अडकवायच्या खाचा) आणि मधलं बॉलचं भोक आहे. नजरेत भरलेला फिफ्थ-व्हील (ज्याचं नाक बेडवर येऊन तिथल्या हिचमध्ये अडकतं असा राहण्याचा ट्रेलर) ३२ फुटी, रुंदी ९६ इंच, ग्रॉस रेटिंग (सामानासकट कमाल वजन) १२,५०० पौंड. माहितीपत्रकात पिनचं वजन, म्हणजे नाकाखालच्या किंगपिनवाटे ट्रकवर येणारा भार, १,७५० पौंड दिलंय.

विकणारा म्हणतो, ट्रेलरचं नाक गोल आहे, साधी फिक्स हिच चालून जाईल. इंटरनेटवर बघावं तर निम्मे लोक म्हणतात स्लायडर (मागे-पुढे सरकणारी हिच) नसेल तर मागची काच गेलीच समजा, उरलेले म्हणतात स्लायडर म्हणजे उगाच भुर्दंड. घरात आम्ही दोघं आणि दोन मुलं, फिरणं बहुतेक कॅलिफोर्नियातच. फिक्स हिच घेऊ की स्लायडर? आणि स्लायडर घ्यायचा तर हाताने सरकवायचा की आपोआप सरकणारा?

ओळंबा

नाक गोल की चौकोनी ते नंतर बघू, आधी टेप काढा. सपाट जागी ट्रक उभा करा. कॅबचा सगळ्यात मागे आलेला भाग शोधा. तो काच नसतो. बहुधा छताच्या कडेचा तिसरा ब्रेक-लाइट असतो. तिथून ओळंबा सोडा (दोरीला जड नट बांधला तरी भागतं) आणि बेडमध्ये खूण करा. त्या खुणेपासून हिचच्या जबड्याच्या (जो ट्रेलरची पिन पकडतो) मध्यापर्यंत किती इंच, हे पहिलं माप. हिच अजून घेतली नसेल तर बॉलच्या भोकाचा मध्य धरा, पण हिच ठरली की तिच्या कागदावर पिन त्या मध्यापासून किती पुढे-मागे बसते ते तपासा.

दुसरं माप ट्रेलरवर. किंगपिनच्या मध्यातून एक आडवी रेघ कल्पा. जिथे ट्रेलरची पूर्ण रुंदी सुरू होते तो कोपरा या रेघेच्या किती पुढे किंवा किती मागे आहे?

तिसरं, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये, असं लिहिलेला आकडा. तो इथे टाका.

फ्रेमाँटकर

मोजलं. कॅबपासून पिनच्या मध्यापर्यंत ३८.५ इंच. कोपरा पिनच्या रेघेच्या साधारण १२ इंच मागे. स्टिकरवर ३,०६८ पौंड. हा शेवटचा आकडा कशाला लागतो? ओढण्याचं रेटिंग तर भरपूर आहे.

ओळंबा

तिसऱ्या आकड्यावर धुराताई बोलतीलच, मी भूमितीपुरतं सांगतो.

ट्रेलर ९६ इंच रुंद, म्हणजे पिनपासून त्याची भिंत ४८ इंचांवर. ट्रक आणि ट्रेलर काटकोनात आले की ही भिंत कॅबच्या दिशेने ४८ इंच पुढे येते. तुमच्याकडे जागा ३८.५. म्हणजे ९० अंशांत साडेनऊ इंच कमी पडतात, आणि याला नाकाच्या गोलाईचा काहीही इलाज नाही, कारण तिथे नाक लागतच नाही, भिंत लागते.

गोल नाकाने फरक पडतो तो अलीकडच्या कोनात. कोपरा पिनच्या रेघेतच असता, तर तुमच्या ट्रकवर ५३ अंशांच्या आसपास टेकला असता. १२ इंच मागे आहे म्हणून ६५ अंशांपर्यंत निभावतं. जुन्या चौकोनी नाकाच्या ट्रेलरचा कोपरा पिनच्या सहा इंच पुढे असेल तर ४५ अंशांतच काच गाठतो. विकणाऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण अर्धं आहे. यातून चार-पाच इंच सुटीचे वगळा म्हणजे हातात उरतात ५५ ते ६० अंश.

आता ६० अंश म्हणजे किती? हायवेवर, शहरातल्या चौकात, साध्या वळणावर पुढे जाताना तुम्ही तिथवर सहसा पोचत नाही. कॅम्पग्राउंडमधल्या अरुंद जागेत रिव्हर्स घेताना मात्र बघता बघता पोचता. काचा फुटतात त्या तिथे, ताशी दोन मैलांच्या वेगात, मागच्या झाडाकडे लक्ष असताना.

आणखी एक गोष्ट, जी टेपवर दिसत नाही. ही सगळी मापं सपाट जमिनीवरची. ट्रकचं एक चाक खळग्यात आणि ट्रेलर उतारावर असला की ट्रेलर वरच्या बाजूने कॅबकडे कलतो. खाली पाच इंच फट दिसत असताना वर छताशी एखाद-दोनच इंच उरलेली असू शकते. म्हणून बाहेर उभ्या असलेल्या माणसाने बेडकडे पाहू नये, छताच्या कोपऱ्याकडे पाहावं.

धुरा

क्लिअरन्सची चिंता रास्त आहे, पण हा ट्रेलर या ट्रकचा नाही. का ते सांगते.

माहितीपत्रकातलं १,७५० हे रिकाम्या ट्रेलरचं पिन-वेट. त्यात पाणी नाही, गॅसचे सिलिंडर भरलेले नाहीत, बॅटरी नाही, भांडीकुंडी नाहीत. शिवाय फिफ्थ-व्हीलची मोठी डिकी पुढे, पिनच्या जवळ असते. तिथे जे टाकाल त्याचा मोठा हिस्सा थेट ट्रकवर येतो. भरलेल्या फिफ्थ-व्हीलचं पिन-वेट त्याच्या एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्क्यांत पडतं. हिशेबाला २२ धरा. १२,५०० चे २२ टक्के म्हणजे २,७५०.

आता स्टिकर. ३,०६८ मधून चौघांचे ५२० वजा करा (मुलं वाढतात हे लक्षात असू द्या), सरकणाऱ्या हिचचे २४० आणि ट्रकमधल्या अवजारा-सामानाचे १००. उरले २,२०८. पिनला हवेत २,७५०. साडेपाचशे पौंड जास्त. ओढण्याचं रेटिंग शिल्लक असतानाच पेलोड (ट्रकने अंगावर पेलायचं वजन) संपतो, फिफ्थ-व्हीलच्या बाबतीत हे नेहमीचंच. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात ते ओढण्याचं, आणि दारावर बारीक अक्षरात असतं ते पेलायचं.

उलटा हिशेब करा: २,२०८ भागिले ०.२२ म्हणजे साधारण १०,००० पौंड. भरलेला ट्रेलर एवढ्यात बसला पाहिजे. हाच ट्रक डिझेल असता तर इंजिनाच्या वजनापायी स्टिकरवरचा आकडा आणखी काही शे पौंडांनी खाली गेला असता, तेव्हा पेट्रोल घेतलंत हे बरंच केलंत.

एअरबॅग (मागच्या स्प्रिंगांना मदत करणाऱ्या हवेच्या पिशव्या) बसवा असं कोणी सांगेल. एअरबॅगने ट्रकची मागची बाजू वर येते, पेलोड वाढत नाही. अॅक्सल, चाकं, टायर, ब्रेक तेच राहतात.

चाकोरी

धुराताईंच्या हिशेबाशी सहमत. एकच पुस्ती: २२ टक्के हा अंदाज झाला, खरा आकडा काट्यावर मिळतो. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात. त्यांचे प्लॅटफॉर्म वेगवेगळे असतात, त्यामुळे पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल आणि ट्रेलर असे तीन आकडे सुटे मिळतात. दोनदा वजन करायचं, एकदा ट्रेलरसकट, एकदा ट्रेलर सोडून. दोन्ही वेळा माणसं, सामान आणि हिच ट्रकमध्येच हवी.

नमुन्यासाठी, तुमच्या ट्रकला साजेसे आकडे धरू. नुसता ट्रक: पुढे ४,४४०, मागे ३,३६०, एकूण ७,८००. ट्रेलरसकट: पुढे ४,४६०, मागे ५,५२०, ट्रेलरची चाकं ७,७२०. ट्रकचे झाले ९,९८०. वजा ७,८०० म्हणजे पिन-वेट २,१८०. पिन अधिक ट्रेलरची चाकं म्हणजे अख्खा ट्रेलर ९,९००, आणि पिनचं प्रमाण बरोबर २२ टक्के. पुढच्या अॅक्सलवर थोडंसं वजन वाढलं, याचा अर्थ पिन मागच्या अॅक्सलच्या किंचित पुढे बसली आहे. तसंच हवं. पुढचं वजन घटलं असतं तर पिन अॅक्सलच्या मागे गेली आहे असं समजायचं.

आता हिचकडे. तुमच्यासमोर तीन रस्ते आहेत.

हाताने सरकवायची हिच. साधारण १२ इंच मागे जाते. ३८.५ अधिक १२ म्हणजे ५०.५, आणि ४८ ला पुरून अडीच इंच उरतात. पण उद्या १०२ इंच रुंदीचा ट्रेलर आवडला तर भिंत ५१ इंचांवर येईल आणि हीच हिच सरकवूनही अर्धा इंच कमी पडेल. "१२ इंची स्लायडर आहे, काळजी नको" असं म्हणणाऱ्याला ट्रेलरची रुंदी विचारा.

सरकवायची रीत अशी: शक्यतो सपाट जागी, ट्रक-ट्रेलर सरळ रेषेत. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा, ब्रेक कंट्रोलरचा (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या यंत्राचा) हाताचा लिव्हर दाबून ट्रेलरचे ब्रेक धरा, हिचचा लॉक खेचा आणि ट्रक हळू पुढे घ्या. हिच जागच्या जागी राहते, ट्रक तिच्याखालून पुढे सरकतो आणि शेवटी 'खट्' असा लॉक बसल्याचा आवाज येतो. नुसत्या आवाजावर विसंबू नका, उतरून लॉकची खीळ दोन्ही बाजूंनी आत गेली आहे ना ते बघा. एकाच बाजूची बसली तर हिच तिरकी अडकते, आणि मग हातोडा घेऊन बेडमध्ये चढावं लागतं. रुळांवर धूळ-वाळू साचली की हे हमखास होतं, म्हणून रूळ पुसून ग्रीस लावलेले ठेवा.

काम झालं की हिच परत पुढे. मागे सरकवलेल्या हिचवर रस्त्याला लागायचं नाही. पिनचं वजन मागच्या अॅक्सलच्या पलीकडे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात. बैलगाडी उलाळ झाली की बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जातं, तोच प्रकार. इथे उचललं जातं ते स्टिअरिंग.

आपोआप सरकणारी हिच, उदाहरणार्थ पुलराइटची सुपरग्लाइड. ट्रक वळू लागला की कॅमच्या जोरावर हिच स्वतःच मागे जाते आणि सरळ झाला की परत येते. उतरायला नको, लिव्हर खेचायला नको. पण त्यासाठी ट्रेलरच्या किंगपिनवर एक कॅप्चर प्लेट बसवावी लागते, म्हणजे पिन आणि हिचचं डोकं एकमेकांत फिरत नाहीत. प्लेट तुमच्या पिन बॉक्सच्या (किंगपिन धरणाऱ्या, ट्रेलरच्या नाकाखालच्या सांगाड्याच्या) मॉडेलचीच हवी, ऑर्डर देण्याआधी पिन बॉक्सवरचा नंबर बघा. हिच जड असते, बेडमधून काढायला दोन माणसं हवीत. आणि दुरुस्तीसाठी ट्रेलर दुसऱ्या ट्रकने न्यायचा झाला तर ती प्लेट आड येऊ शकते, हे आधीच सांगून ठेवा.

तिसरा रस्ता ट्रेलरच्या बाजूने: रीसच्या साइडवाइंडरसारखा फिरता पिन बॉक्स. यात हिच फिक्स राहते. पिनला खालून पाचर बसवून हिचमध्ये फिरण्यापासून अडवतात, आणि ट्रेलर वळतो तो पिनच्या २२ इंच मागच्या खुंटीवर. म्हणजे कॅबपासून वळण्याचा बिंदू ६०.५ इंचांवर गेला. पिनपासून कोपऱ्याचं अंतर आत्ताइतकंच राहिलं तर काटकोनातही साडेबारा इंच सुटतात. बेडमध्ये सरकणारं काही नसल्याने हलकी हिच चालून जाते. मात्र पाचर हिचच्या तोंडाच्या मापाचीच हवी. सैल असेल तर पिन आत खेळते, खडखडते आणि जबडा झिजतो. रिव्हर्समध्ये ट्रेलर वेगळा वागतो, सवय होईपर्यंत कट कमी मारा.

किंगपिन बेडच्या मधल्या भोकातल्या गूसनेक बॉलवर उतरवणारे अॅडॉप्टर स्वस्तात मिळतात. किंगपिनपासून खाली लांब दांडा आला की ट्रेलरच्या पुढच्या फ्रेमवर तरफेसारखा जोर पडतो. फ्रेम बनवणाऱ्याने लेखी मान्यता दिलेला प्रकार नसेल तर वॉरंटी हातची जाते.

ओळंबा

चाकोरी, हाताच्या स्लायडरबद्दल थोडं मतभेदाचं बोलतो. कागदावर उत्तम आहे, पण तो वेळेवर सरकवला तर. रात्री पोचायचं, मागे दोन गाड्या थांबलेल्या, जागा अरुंद. अशा वेळी माणूस म्हणतो "एवढ्यात होईल" आणि लिव्हर तसाच राहतो. अर्ध्या वळणात अडकल्यावर सरकवू म्हटलं तर कोनात असताना रूळ जाम होतात. काच आणि नाक दोन्ही फुटण्याचा खर्च धरला तर आपोआपवाली महाग नाही.

चाकोरी

हे मान्य. शिस्त अशी हवी की कॅम्पग्राउंडच्या फाटकाशी, नोंदणी करायला थांबता तिथेच सरकवायचं, जागेवर पोचल्यावर नाही. आतल्या रस्त्यावर ताशी पाच मैलांनी मागे सरकवलेल्या हिचवर जायला हरकत नाही. ही शिस्त जमणार नसेल तर आपोआपवाली घ्या. वर्षातून दोनदा बाहेर पडणाऱ्याला ती परवडते का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

फ्रेमाँटकर

हा ट्रेलर रद्द. १०,००० च्या आतला, ९६ इंची शोधतो आणि आपोआप सरकणारी हिच. दोन प्रश्न उरले: बेडच्या कडा आणि ट्रेलरचा पोटाचा भाग यांत किती अंतर लागतं? आणि जोडताना नेमकं काय चुकतं?

धुरा

अंतर किमान सहा इंच. ट्रेलर समतल उभा असताना, जोडलेल्या अवस्थेत, बेडच्या कडेपासून वरच्या पोटापर्यंत मोजा. कमी असेल तर पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, जिथे रस्ता खाली आणि फुटपाथ वर असतो, तिथे बेडची कड चेपते. आता तुम्ही म्हणाल, मग हिच उंच करू. केलीत तर ट्रेलर नाक वर करून चालतो, त्याच्या मागच्या अॅक्सलवर जास्त भार येतो आणि ते टायर आधी जातात. आजचे ट्रक उंच झालेत, जुने ट्रेलर बुटके, त्यामुळे हा झगडा नेहमीचा आहे. नवा ट्रेलर घेताय तर डीलरच्या आवारातच तुमच्या ट्रकला जोडून मोजा, समतल करून द्यायची जबाबदारी त्याच्यावर टाका. पिन बॉक्सला बोल्टची दोन-तीन भोकं वर-खाली असतात, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

चाकोरी

जोडताना सगळ्यात वाईट चूक म्हणजे पिन उंच राहणे. ट्रेलरची पिनप्लेट हिचच्या पाटापेक्षा वर असेल तर पिनचा बारीक गळा जबड्यात येतच नाही, खालची जाड चकती तेवढी जबड्यावर टेकते. हँडल बंद झाल्यासारखं दिसतं. निघालात की पहिल्या उंचवट्यावर ट्रेलर सुटून बेडच्या दोन्ही कडांवर आदळतो.

म्हणून क्रम असा ठेवा. ट्रेलरच्या चाकांना उटी. टेलगेट खाली. पुढचे पाय वर-खाली करून पिनप्लेट हिचच्या पाटापेक्षा अर्धा ते एक इंच खाली आणा, म्हणजे ट्रक मागे येताना पाट प्लेटला घासत तिला उचलेल. हिचचं डोकं मागे कललेलं, जबडा उघडा. सरळ मागे या. जबडा मिटल्यावर टॉर्च घेऊन वाकून पाहा: पाट आणि प्लेट यांत उजेड दिसता कामा नये, आणि जबड्याने पिनचा गळा मागूनही वेढलेला हवा. मगच हँडलमध्ये सेफ्टी पिन. तुमच्या आपोआपवाल्या हिचला कॅप्चर प्लेट असल्याने नुसतं मागे येऊन भागत नाही, प्लेट हिचच्या तोंडाशी सरळ रेषेत आली पाहिजे. तिरके आलात तर पुढे जाऊन पुन्हा या, रेटू नका.

सात खिळ्यांचं प्लग लावा. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) ट्रकला अडकवा, हिचला नाही. हिचच उखडली तर तार तिच्याबरोबर जाईल आणि ट्रेलरचे ब्रेक लागणारच नाहीत. टेलगेट बंद.

मग ओढून बघायची परीक्षा. पाय जमिनीला जेमतेम टेकलेले, उटी तशाच, ब्रेक कंट्रोलरने ट्रेलरचे ब्रेक धरलेले, आणि ट्रक हळूच पुढे. ट्रक अडला पाहिजे. पाय पूर्ण वर घेऊन ही परीक्षा करू नका. पिन सुटलीच तर पाय टेकलेले असताना ट्रेलर जमिनीवर उभा राहतो, नाहीतर थेट बेडवर येतो.

रस्त्याला लागण्याआधी मोकळ्या जागी ताशी २०-२५ मैलांवर नुसता हाताचा लिव्हर दाबून ब्रेक बघा. चाकं लॉक व्हायच्या जरा अलीकडे गेन (कंट्रोलरवरचा ब्रेकचा जोर) ठेवा. ट्रेलर रिकामा असतानाचा गेन भरल्यावर पुरत नाही, दर वेळी बघा.

ओळंबा

राहिलेलं एक, कॅलिफोर्नियात आहात म्हणून. फिफ्थ-व्हीलचं ग्रॉस रेटिंग १०,००० पौंडांच्या वर आणि १५,००० च्या आत असेल तर साध्या क्लास सी लायसन्सवर वेगळं एंडोर्समेंट (जादा परवानगीची नोंद) लागतं, त्याची लेखी परीक्षा डीएमव्हीत (लायसन्स देणाऱ्या खात्यात) होते. १५,००० च्या वर गेलात तर नॉन-कमर्शियल क्लास ए. हे रेटिंगवर ठरतं, काट्यावरच्या वजनावर नाही. ९,९०० भरणारा ट्रेलर ११,००० रेटिंगचा असला तर परीक्षा द्यावीच लागते. आणि मागे ट्रेलर असताना वेगमर्यादा ५५, शेजारच्या लेनची पाटी ७० सांगत असली तरी.

फ्रेमाँटकर

हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. शनिवारी टेप आणि ओळंबा घेऊन जातो, ट्रकही नेतो. नवीन ट्रेलरची मापं इथेच टाकेन.